सोंगे फार, गोष्ट थोडी

करमणुकीच्या बागेतील एखादा जुना खेळ बंद होणार म्हणून प्रौढ माणसांनी महिनोन्‌महिने वाद घालावा, निषेधाची वाक्ये छापलेले सदरे घालून त्या बागेत जमावे आणि शेवटच्या दिवशी जड मनाने घरी परतावे, हे ऐकून आपल्याकडील व्यवहारी माणसास हसू येणे स्वाभाविक आहे. ज्यांना पोटापाण्याची विवंचना नाही त्यांचे हे चोचले, असा निकाल देऊन तो मोकळा होईल. आम्हांस हा निकाल घाईचा वाटतो. त्या वादाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो केवळ अमेरिकेचा नाही. आपल्या जत्रेचा, गणेशोत्सवाचा आणि नगरपालिकेच्या बागेचाही आहे. मुलाला गोष्टीत शिरू द्यायचे, की गोष्टीतल्या पात्राशेजारी उभे करून त्याचे छायाचित्र काढायचे, असा तो प्रश्न होय.

वादाचे निमित्त आधी सांगितले पाहिजे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डिस्ने कंपनीचे 'मॅजिक किंगडम' हे उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी खुले झाले, तेव्हापासून तेथे हिमगौरीची एक सफर होती. छोट्या गाडीत बसावे, गाडीने रुळांवरून अंधाऱ्या दालनात शिरावे, वळणावळणावर ती दुष्ट चेटकीण समोर यावी, जंगलातील झाडांनी हात पसरावेत आणि छातीत धडधड घेऊनच मुलाने पुन्हा उजेडात यावे, असा तो काही मिनिटांचा खेळ. ३१ मे २०१२ रोजी तो कायमचा थांबला. सप्टेंबर २०१३ मध्ये त्याच वास्तूत राजकन्यांच्या भेटीचे दालन उघडले. तेथे रांगेत उभे राहावे, पाळी आली की राजकन्येच्या वेशातील तरुणीशी दोन शब्द बोलावे, तिची सही घ्यावी, छायाचित्र काढावे आणि बाहेर पडावे. आरंभी तेथे यजमान होत्या त्या सिंड्रेला आणि रॅपन्झेल. म्हणजे हिमगौरीच्या घरात हिमगौरीच यजमानीण उरली नाही!

या बदलावर रसिकांत दोन तट पडले. एक पक्ष म्हणाला, सफर जुनाट झाली होती, पुष्कळ लहान मुले तीत भिऊन रडत, आणि हिमगौरीच्याच कथेवर बेतलेली सात बुटक्यांच्या खाणीची नवी गाडी लवकरच येणार होती. ती २०१४ मध्ये आलीही. दुसरा पक्ष म्हणाला, बाहुलीसारखी सजलेली राजकन्या उद्यानात कोठेही भेटू शकते. तिच्यासाठी एक सबंध गोष्ट मोडण्याचे कारण काय? असा वाद तेथे प्रथमच झाला असेही नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्याच उद्यानातील 'मिस्टर टोड' या बेडूकरावांची सफर काढून विनी द पू या अस्वलाला जागा देण्याचे ठरले, तेव्हा हिरवे सदरे घालून लोक निषेधास जमले होते. सफर तरीही गेली. शेजारच्या एपकॉट उद्यानातील नॉर्वेच्या दालनात १९८८ पासून एक नौकासफर होती. दर्यावर्दी लोकांच्या आणि दंतकथांच्या प्रदेशातून ती नाव जाई. २०१४ मध्ये ती बंद झाली. दोन वर्षांनी त्याच पाण्यावर 'फ्रोझन' या चित्रपटाची कथा आली आणि जवळच त्यातील दोघी बहिणींना भेटण्याचे घर उभे राहिले.

या साऱ्या कहाणीतील सर्वांत बोलकी गोष्ट मात्र निराळीच आहे. हिमगौरीची मूळ सफर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये सुरू झाली, तेव्हा तीत हिमगौरीची आकृतीच नव्हती. रचनाकारांची कल्पना अशी की, गाडीत बसलेले मूल हेच हिमगौरी. जंगलात वाट चुकायची ती त्याने, आणि चेटकिणीचे सफरचंद पुढे यायचे तेही त्याच्याच. प्रेक्षकांना ही कल्पना उमगली नाही. हिमगौरी कोठे आहे, असे लोक विचारू लागले. अखेर १९८३ मध्ये तेथे तिची आकृती बसवण्यात आली, आणि १९९४ च्या नूतनीकरणात फ्लोरिडाच्या सफरीतही तिला ठळक स्थान मिळाले. पहिल्या पायरीवर मूल स्वतः नायिका होते. दुसऱ्या पायरीवर ते नायिकेचे प्रेक्षक झाले. तिसऱ्या पायरीवर गोष्ट संपली आणि नायिकेशेजारचे छायाचित्र तेवढे उरले. गंमत अशी की, या उताराचा आरंभ व्यापाऱ्याच्या लोभातून झालेला नाही. तो प्रेक्षकांच्या मागणीतून झाला आहे. आपल्याला गोष्टीपेक्षा पात्र हवे असते, हे व्यापाऱ्याने फक्त ओळखले.

व्यापाऱ्याचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. सफर म्हटली की रूळ आले, यंत्रे आली, ती रोज तपासणारे कारागीर आले. चित्रपटाची चलती ओसरली म्हणून सफर सहजासहजी बदलता येत नाही. भेटीच्या दालनाला एक सजवलेली खोली, वेश आणि तो घालणारा माणूस पुरतो; यंदाची राजकन्या जाऊन पुढच्या वर्षी दुसरी आली तरी भिंती त्याच राहतात. शिवाय प्रत्येक छायाचित्र पाहुण्याच्या मोबाईलवरून दहा घरांत जाते आणि ती जाहिरात फुकट होते. या हिशेबात चूक कोठेच नाही. फक्त मुलाच्या मनात घरी काय गेले, ही बाब त्यात कोठे मांडलेली नसते.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. इंदूर आणि महू यांच्या मध्ये आग्रा-मुंबई महामार्गावर राऊ हे गाव आहे. होळकरांच्या काळापासून मालव्यात मुरलेल्या मराठी कुटुंबांना ते परिचयाचे. इकडील वाचकांनी त्याचे नाव ऐकले असेल ते तेथील भारतीय व्यवस्थापन संस्थेमुळे. या राऊजवळ रंगवासा येथे 'नखराली ढाणी' नावाचे राजस्थानी खेड्याच्या धर्तीचे करमणूक केंद्र आहे. कठपुतळ्या, लोकनृत्ये, उंटावरची फेरी आणि राजस्थानी जेवण यांसाठी इंदूरची कुटुंबे तेथे जातात. पाहुण्याला पात्रांत आणून सोडणारे हे आपल्या पद्धतीचे उद्यानच म्हणावयाचे. अशी केंद्रे आज देशभर निघाली आहेत, आणि त्यांनी लोककलावंतांच्या चुली पेटत्या ठेवल्या हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु कठपुतळीचेच काय झाले ते पाहा. राजस्थानातील भाट कलावंत गावोगाव अमरसिंह राठोडाचे आख्यान रात्री रात्री सांगत. दरबार भरे, अपमान होई, तलवार उपसली जाई. नाचणारी बाहुली आणि घोडेस्वार ही त्या दरबारातील करमणुकीची पात्रे. आज हॉटेलांत आणि मेळ्यांत जो दहा मिनिटांचा खेळ दिसतो, त्यात नाचणारी बाहुली आहे, घोडेस्वार आहे. अमरसिंहाची कथा बहुधा नाही. खेळ संपला की बाहुल्या विक्रीला टांगलेल्या असतात. फ्लोरिडात जे यंत्रांच्या बाबतीत घडले तेच येथे दोऱ्यांच्या बाबतीत घडले आहे.

राऊहून थोड्याच अंतरावर, खुद्द इंदूर शहरात, याच्या अगदी उलट परंपरा अजून उभी आहे. अनंत चतुर्दशीच्या रात्री तेथे कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात. सुमारे शंभर वर्षांपूर्वी हुकुमचंद मिलपासून सुरू झालेल्या या प्रथेत मालवा, कल्याण, राजकुमार आणि स्वदेशी या गिरण्यांनी आपापले देखावे आणले. रामायण-महाभारतातील प्रसंग, हलत्या मूर्ती, दिव्यांची आरास, पुढे आखाड्यांचे पट्टे फिरवणारे जवान, आणि दुतर्फा रात्रभर जागणारे शहर. मागावर काम करणाऱ्या हातांनीच चाके, पट्टे आणि मोटारी जुळवून कालियाच्या फण्यावर कृष्ण नाचवायचा, ही त्या कामगारांची हौस आणि अभिमान होता. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली. तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकलेल्या देण्यापोटी २२४ कोटी रुपये देण्याचा मार्ग मोकळा होण्यास डिसेंबर २०२३ उजाडावे लागले. मधली बत्तीस वर्षे हक्काचा पैसा अडकलेला असताना या कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी झांकी थांबू दिली नाही. महापालिका आणि विकास प्राधिकरण आर्थिक साहाय्य देतात, तरीही वर्गणीसाठी दारोदार फिरावे लागतेच. पगार गेला तरी गोष्ट सांगणे सोडले नाही, अशी माणसे ज्या शहरात आहेत त्या शहराला थीम पार्कचे धडे बाहेरून घेण्याची गरज नाही.

आम्हां किनारपट्टीच्या लोकांना तर पात्राच्या भेटीचे अप्रूप मुळातच नसावे. शिमग्यात काळा अंगरखा, उंच टोकदार टोपी आणि कमरेला घुंगरू बांधलेला संकासुर दारी येतो, तेव्हा पोरे आधी आईच्या पदराआड लपतात आणि मग त्याच्याच मागे गावभर धावतात. यापेक्षा चांगली भेट कोणती कंपनी घडवील? पण संकासुर एकटा येत नाही. त्याच्यामागे खेळे असतात, नमन असते. दशावतारातही तो पूर्वरंगात येऊन हसवतो, परंतु वेद चोरणारा तो असुर आहे आणि विष्णूच्या हातून त्याला मरण आहे, हे दशावतारी मंडळी विसरू देत नाहीत. सोंग तेथे गोष्टीचे दार असते.

तेच सोंग गोष्टीपासून तुटले की काय होते, तेही आम्ही पाहतोच आहोत. गोव्यात नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत नरकासुर उभे राहतात. त्यांची उंची वाढली, स्पर्धा वाढल्या, कर्णे वाढले. त्यांना मारणारा कृष्ण मात्र कित्येक ठिकाणी कोपऱ्यात शोधावा लागतो. रात्रभर असुराबरोबर छायाचित्रे काढून घेणाऱ्या पोराला, त्याने केले काय होते आणि त्याला मारले कोणी, हे विचारले तर किती जणांना सांगता येईल? 'रात्र थोडी, सोंगे फार' ही म्हण आपल्या पूर्वजांनी जत्रेतच ऐकली असावी. आज तिच्यात भर घालून म्हणावे लागते, की सोंगे फार, गोष्ट थोडी.

विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही डावलू इच्छित नाही. अंधाराला भिणारे, चाकाच्या खुर्चीतून आलेले किंवा गाडीत बसू न शकणारे मूल भेटीच्या दालनात तितकेच सुखावते. चार वर्षांच्या मुलीला राजकन्येने नावाने हाक मारली, तर तो तिच्या लेखी साक्षात्कारच असतो. त्यास कोणी नावे ठेवू नयेत. शिवाय त्या वेशाच्या आत एक कष्टकरी माणूस असतो. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधील सुमारे १,७०० वेशधारी आणि मिरवणुकीतील कलावंतांनी मे २०२४ मध्ये कामगार संघटनेच्या बाजूने कौल दिला, तो उगाच नव्हे. हसतमुख उभे राहणे हेही श्रमच आहेत. तेव्हा भेटी बंद करा असे आमचे म्हणणे नाही. भेट गोष्टीच्या जागी नव्हे, गोष्टीच्या जोडीला असावी, एवढेच म्हणणे आहे.

हा आग्रह धरण्याची वेळ आपल्याकडे आलेली आहे. मुंबईच्या गोराईचे 'एस्सेलवर्ल्ड' १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. एका पिढीच्या सहलींची जागा गेली आणि आठवणींपलीकडे तिचे फारसे काही जपले गेले नाही. गावोगावच्या बागांत झोपाळ्याची साखळी तुटली तर वर्षभर तुटलेलीच राहते. मात्र शहराचे नाव आणि लाल बदाम असलेली भली मोठी अक्षरे उभारायला निधी कमी पडत नाही. मुलाने झोके घ्यावेत यापेक्षा त्याच्या वडिलांनी छायाचित्र काढावे, याची सोय आपण अधिक तत्परतेने करू लागलो आहोत.

यावर उपाय अवघड नाहीत. नगरपालिकांनी छायाचित्राच्या चौथऱ्याआधी झोपाळा दुरुस्त करावा. इंदूरच्या झांक्यांतील एखादा हलता देखावा, तो चालवणाऱ्या यंत्रणेसह, कायमचा जतन व्हावा आणि तो जुळवणाऱ्या वृद्ध कामगारांकडून तरुणांनी ती विद्या शिकून घ्यावी. कारण ती माणसे गेली की कोणत्याही निधीतून ती परत आणता येणार नाही. लोककलेची केंद्रे चालवणाऱ्यांनी आठवड्यातून एक रात्र तरी कठपुतळीचे सबंध आख्यान लावावे. नरकासुराच्या स्पर्धांत कृष्णासाठी आणि वधाच्या प्रसंगासाठी गुण राखून ठेवावेत. आणि आई-बापांनी मुलाला कोणत्याही सोंगाशेजारी उभे करण्यापूर्वी ते सोंग कोणाचे, त्याने काय केले, हे दोन वाक्यांत सांगावे.

फ्लोरिडातील ते हिरव्या सदऱ्यातले लोक हरले, तरी ते वेडे नव्हते. आपल्या बालपणीची भीती कोणी विकत घेऊन तिच्या जागी हसू विकायला ठेवले आहे, एवढे त्यांनी ओळखले होते. मुलाला थोडे भिऊ द्यावे, थोडे हरवू द्यावे आणि मग स्वतःच्या पायांनी उजेडात येऊ द्यावे. ते काम गोष्टच करते. ती सांगणारे हात अजून मालव्यात आहेत, कोकणात आहेत, गोव्यातही आहेत. ते रिकामे राहणार नाहीत, याची काळजी आपण घेतली पाहिजे.