डिझेलची टाकी केवढी असावी?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण इथला कांदा जहाजातूनही परदेशी जातो, आणि त्या जहाजाचे इंजिन आपल्या ट्रॅक्टरसारखेच डिझेल पद्धतीचे असते. त्यामुळे बोटीच्या टाकीचे गणित आपल्याही कामाचे आहे.

मासेमारी बोटीचे 100 अश्वशक्तीचे इंजिन ताशी साधारण 18 लिटर डिझेल घेते असे धरू. जाऊन-येऊन दहा तासांना 180 लिटर. पण समुद्रावरचा ठोकताळा असा, की एक हिस्सा जायला, एक यायला आणि तेवढाच एक राखीव. वारा फिरला तर हा तिसरा हिस्साच बोट किनाऱ्याला आणतो. म्हणजे झाले 270 लिटर. टाकीच्या तळाशी गाळ-पाणी साचते, तो भाग वापरता येत नाही. वर थोडी जागा मोकळी लागते, कारण डिझेल तापले की फुगते. 300 लिटर डिझेल 20 अंशांनी तापले तर सुमारे 5 लिटरने वाढते. म्हणून टाकी 300 लिटरची.

पण टाकीचे काम केवळ साठवण्याचे नाही. अनेक इंजिनांत पंप जळते त्यापेक्षा जास्त डिझेल ओढतो. उरलेले डिझेल पंप आणि इंजेक्टर थंड ठेवते व गरम होऊन टाकीत परत येते. टाकी भरलेली असेल तर ही उष्णता मोठ्या साठ्यात विरते. टाकी तळाला गेली की तेच थोडे डिझेल पुन्हा पुन्हा फिरून तापत जाते. तापलेले डिझेल विरळ आणि पातळ होते. 20 अंश वाढले तर तेवढ्याच मापात सुमारे दीड टक्का डिझेल कमी जाते. शिवाय पंपात गळती वाढते, वंगण कमी पडते. परतीच्या वाटेवर, टाकी रिकामी होत आली असतानाच इंजिनाचा जोर असा उतरतो. म्हणून टाकी इंजिनापासून दूर ठेवतात, परतीची नळी ओढनळीपासून लांब सोडतात आणि गरज पडल्यास समुद्राच्या पाण्यावर चालणारा कूलर बसवतात.

मोठ्या जहाजांचे जड तेल मात्र इतके घट्ट असते, की ते 100 अंशांच्या वर तापवल्याशिवाय इंजिनात फवारताच येत नाही. तेच जहाज हलक्या तेलावर आले की तेल थंड ठेवावे लागते. थोडक्यात, तेल फार घट्टही नको आणि फार पातळही नको.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. कॉमन रेल इंजिनाचा ट्रॅक्टर दुपारी नांगरटीला लावताना टाकी पाव भागाखाली जाऊ देऊ नये. संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, म्हणजे रात्रीच्या गारव्यात आत दव धरत नाही. मात्र काठोकाठ भरू नये. फुगायला जागा ठेवावी. आणि फिल्टरखालचे पाणी वेळोवेळी सोडावे. एवढे केले तर ऐन हंगामात पंप दुरुस्तीला नेण्याची वेळ सहसा येणार नाही.