बंद कारखान्याचा वारस कोण?

कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्याचे फाटक १९८५ साली बंद झाले, तेव्हा त्यात नवल वाटावे असे काही नव्हते. गिरणी संपाला तीन वर्षे उलटून गेली होती आणि कारखान्याला कुलूप लागणे ही मुंबईकरांच्या अंगवळणी पडत चाललेली गोष्ट होती. मालक कुटुंबातील कलह, थकलेली वीजबिले, थकलेले पगार आणि बँकांची फुगलेली देणी हा सारा क्रम ओळखीचाच होता. नवल पुढे घडले. तांब्याच्या व इतर लोहेतर धातूंच्या नळ्या बनविणाऱ्या या कारखान्यातील सुमारे ६०० कामगारांच्या संघटनेने थकबाकी घेऊन घरी जाण्याऐवजी कारखानाच चालवायला मागितला.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथून ते औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे, म्हणजेच ‘बीआयएफआर’कडे आले आणि सप्टेंबर १९८८ मध्ये कामगारांच्या सहकारी संस्थेने कंपनी ताब्यात घ्यावी, या योजनेला मंडळाने मान्यता दिली. कामगारांनी भविष्यनिर्वाह निधीतील पैसा भागभांडवलात घातला, वेतनातील कपात पत्करली आणि रोजचा कारभार पाहण्यासाठी व्यावसायिक व्यवस्थापक नेमले. १९८९ साली भट्ट्या पुन्हा पेटल्या. ज्या यंत्रांचे मोल भंगाराच्या भावाने होऊ लागले होते, त्यांतून माल बाहेर पडू लागला. पहिली काही वर्षे बरी गेली. कामगारांना कारखाना चालविता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना काही काळ तरी गप्प बसावे लागले.

पुढची हकीकत इतकी सुखद नाही. नव्वदीच्या दशकाच्या मध्यापासून कारखाना पुन्हा अडचणीत आला आणि त्यातून तो सावरला नाही. अंतर्गत मतभेद झाले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मुख्य दुखणे खेळत्या भांडवलाचे होते. तांब्यासारखा महाग कच्चा माल रोखीने घ्यायचा, त्याच्या नळ्या करायच्या, त्या विकायच्या आणि ग्राहकाकडून पैसे येईपर्यंत थांबायचे, हा या धंद्याचा स्वभाव आहे. मध्यंतरीच्या काळात कोणीतरी पैसा पुरवावा लागतो. बँकेला कर्जासाठी समोर एक मालक लागतो, त्याची पत लागते, त्याची व्यक्तिगत हमी लागते. सहाशे जणांची सामायिक मालकी ही बँकेच्या नेहमीच्या नमुना अर्जात बसणारी वस्तू नव्हे. तेव्हा कारखाना कामगारांच्या हाती देण्याचा निर्णय झाला, पण तो हाती टिकावा यासाठी लागणारी व्यवस्था मात्र कोणी उभी केली नाही. न्यायालयाने दार उघडले; आत दिवाबत्तीची सोय नव्हती.

योगायोग असा, की ज्या १९८५ साली कमानीचे फाटक बंद झाले आणि आपल्या संसदेने आजारी उद्योगांविषयीचा कायदा केला, त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला इटलीत ४९ क्रमांकाचा एक कायदा झाला. उद्योगमंत्री ज्योव्हानी मार्कोरा यांच्या नावाने तो ओळखला जातो. कायदा होण्यापूर्वीच, १९८३ मध्ये, मार्कोरा यांचे निधन झाले होते. बंद पडणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी सहकारी संस्था स्थापून तो चालवायला घेतल्यास शासनाने त्यांना भांडवल कसे द्यावे, एवढाच या कायद्याचा विषय. पण त्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. कारखाना बंद झाला, तर कामगारांना काही वर्षे बेकारभत्ता द्यावा लागणार आहे. तो पैसा खर्ची पडतो आणि शेवटी माणूस बेकार तो बेकारच राहतो. मग तीच रक्कम त्याच्या नव्या संस्थेचे भांडवल म्हणून का देऊ नये? मूळ कायद्यानुसार कामगारांनी घातलेल्या भांडवलाच्या तिपटीपर्यंत शासन पैसा देत असे आणि त्याची कमाल मर्यादा भत्त्यावर होऊ शकणाऱ्या खर्चाच्या हिशेबाने ठरविलेली होती. कामगाराने आधी स्वतःच्या पदरचे काही घातलेच पाहिजे, ही अट मात्र सुटली नाही. फुकटचा कारखाना कोणालाच मिळाला नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हा पैसा वाटण्यासाठी १९८६ मध्ये एक स्वतंत्र वित्तसंस्था उभी राहिली. योजना व्यवहार्य आहे की नाही हे ती तपासते, भागधारक म्हणून आत शिरते, हिशेब पाहते आणि ठरलेल्या मुदतीने आपला पैसा काढून घेते. स्पर्धेच्या नियमांवर बोट ठेवून युरोपीय आयोगाने हरकत घेतली, तेव्हा २००१ मध्ये कायदा बदलला. तिपटीची जागा साधारण बरोबरीच्या भागभांडवलाने घेतली आणि देणगीऐवजी परत करावयाची गुंतवणूक आली. एवढा बदल होऊनही योजना मोडली नाही. पुढे २०१४ मध्ये आणखी एक तरतूद आली. दिवाळे निघालेला कारखाना विकायचा किंवा भाड्याने द्यायचा झाल्यास तो घेण्याचा अग्रहक्क तेथील कामगारांच्या सहकारी संस्थेला मिळाला. गेल्या चार दशकांत त्या देशात शेकडो लहान-मध्यम कारखाने या वाटेने वाचले आहेत. सगळेच टिकले असे नाही. पण बुडाले ते इतर धंदे जसे बुडतात तसे बुडाले, वाऱ्यावर सोडल्यामुळे नव्हे.

यावर येथे लगेच आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. इटलीतील गणित बेकारभत्त्यावर उभे आहे; भारतात तसा भत्ताच जवळपास नाही, मग वाचवायचे काय आणि भांडवल म्हणून द्यायचे काय? परंतु कारखाना बंद पडतो तेव्हा सार्वजनिक पैसा वाचतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे. सरकारी बँका कर्जाचा मोठा हिस्सा सोडून देतात, कर बुडतो, राज्याने पूर्वी दिलेल्या सवलती मातीत जातात. फरक इतकाच, की हा पैसा नव्या खरेदीदाराच्या पदरात पडतो आणि त्याला कोणी अनुदान म्हणत नाही.

शिवाय ज्यांच्याकडे पत नाही त्यांना मालक करण्याची विद्या महाराष्ट्राच्या शासनाला अपरिचित आहे, असेही नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९५०-५१ चा पहिला गळीत हंगाम पार पडला, तो केवळ शेतकऱ्यांच्या जिद्दीवर नव्हे. पुढे राज्यभर जे कारखाने उभे राहिले, त्यांत शासनाने भाग घेतले, कर्जाला हमी दिली, परवान्यांत सहकाराला अग्रक्रम मिळाला. ऊस पिकविणारा अशा रीतीने मालक झाला. त्याच कारखान्यात बॉयलरसमोर उभा राहणारा मात्र नोकरच राहिला, हेही नमूद केले पाहिजे; ‘सहकार’ या एका शब्दाखाली ही गोष्ट सहज झाकली जाते.

कामगारांच्या बाबतीतला धडा केरळने घालून दिला. विडी कामगारांना संरक्षण देणारा १९६६ चा कायदा अमलात येऊ लागताच बड्या कारखानदारांनी कण्णूर भागातील काम बंद केले आणि सुमारे १२ हजार माणसे रस्त्यावर आली. १९६९ मध्ये तेथे दिनेश विडी ही कामगारांची सहकारी संस्था निघाली. राज्य सरकारने कामगारांना भाग घेण्यासाठी कर्ज दिले आणि ते हप्त्याहप्त्याने मजुरीतून वळते करून घेतले. हातावर पोट असलेल्या माणसाला भागधारक करण्याची इतकी साधी युक्ती असू शकते.

अर्थात साखरेच्या सहकारातूनच दुसरा धडाही घ्यावा लागेल. हमी शासनाची, हिशेब मात्र कोणाचाच नाही, अशी अवस्था झाली की काय होते, हे आजारी पडून खासगी हातांत गेलेल्या कारखान्यांनी दाखविले आहे. आणि मुंबईसारख्या शहरात एक वेगळाच मोह असतो. येथे कारखान्यापेक्षा त्याखालची जमीन मोलाची. मालक झालेल्या कामगारांनाच उद्या जमीन विकून मोकळे व्हावेसे वाटले, तर त्यांना दोष कसा द्यावा? गिरणगावात चर्चा झाली ती कामगारांच्या घरांची. गिरण्यांच्या मालकीची क्वचितच. यावर इटलीच्या सहकार कायद्यात उपाय आहे. संस्थेचा राखीव निधी सभासदांना वाटून घेता येत नाही. संस्था मोडली तरी तो सहकाराच्या सामायिक निधीकडे जातो. सार्वजनिक पैसा घालायचा, तर अशी अट हवीच.

आणखी एक धोका मोठ्याने बोलला जात नाही. नोकरी आणि आयुष्यभराची शिल्लक एकाच नावेत घातली आणि नाव बुडाली, तर माणूस दुहेरी बुडतो. अमेरिकेत १९९४ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या कर्मचाऱ्यांनी पगार कमी करून घेऊन बहुसंख्य भाग मिळविले; डिसेंबर २००२ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कमानीच्या कामगारांनी म्हातारपणाची पुंजी लावली, ती त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता म्हणून. भविष्यनिर्वाह निधीला हात न लावता कामगाराला भांडवल उभे करता येणे, ही धोरणाची पहिली कसोटी ठरावी.

कमानीच्या वेळचा कायदा आता राहिलेला नाही. नव्वदीच्या दशकातील दुरुस्तीने त्यात कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेचा निदान उल्लेख तरी आला होता. तो कायदा आणि ते मंडळ १ डिसेंबर २०१६ पासून संपुष्टात आले आणि त्यांची जागा नादारी व दिवाळखोरी संहितेने घेतली. या संहितेने कामगारांच्या मागील २४ महिन्यांच्या थकबाकीला तारणधारक धनकोंच्या बरोबरीचे स्थान दिले, ते योग्यच झाले. पण कारखान्याचे पुढे काय करायचे, हे ठरविणाऱ्या धनकोंच्या समितीत कामगारांना मत नाही. बोली लावणाऱ्याची किमान ऐपत किती असावी, हेही ही समितीच मान्य करते, आणि कामगारांची कालपरवा स्थापन झालेली संस्था त्या निकषात कशी बसणार? सारी प्रक्रिया २०१९ च्या दुरुस्तीनुसार ३३० दिवसांत आटोपावयाची. तेवढ्या काळात पगार बंद असलेल्या माणसांनी संस्था नोंदवायची, योजना लिहवून घ्यायची आणि भांडवल जमवायचे.

येथे करण्याजोगे बरेच आहे आणि त्यातले पुष्कळसे फार खर्चाचेही नाही. कामगारांच्या संस्थेला ऐपतीच्या अटीतून सूट आणि बोलीसाठी वाढीव मुदत देता येईल. सर्वोच्च बोलीइतकी किंमत देऊन कारखाना घेण्याचा पहिला हक्क देता येईल. थकलेले पगार आणि ग्रॅच्युइटी ही बोलीच्या रकमेचा भाग धरता येईल. राज्याने भागभांडवलाचा एक निधी काढावा, पण तो चालविणारी माणसे ताळेबंद वाचता येणारी असावीत, निवडणुकीत पडलेली नव्हेत. आणि दिवाळे निघेपर्यंत थांबण्याचे तरी कारण काय? ज्यांची मुले हा धंदा पुढे चालवू इच्छित नाहीत असे छोटे कारखानदार औद्योगिक वसाहतींत कमी नाहीत. कर्मचाऱ्यांसाठी भाग घेणाऱ्या विश्वस्त निधीला कंपनीने पैसा पुरविण्याची मुभा २०१३ च्या कंपनी कायद्यात आहेच. तो विकणाऱ्या मालकाला करात सवलत मिळाली, तर चालता कारखाना चालत्या स्थितीतच हातपालट करील.

राज्यघटनेत ४३-अ हे कलम १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग साधण्यासाठी राज्याने योग्य कायद्याने पावले उचलावीत, असे ते सांगते. आज एखादी कंपनी नादारीत निघाली, की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि कामगाराला ठरावीक नमुन्यातील अर्ज भरावा लागतो. त्यात थकलेल्या रकमेचा रकाना आहे, पुराव्याच्या कागदांचा रकाना आहे, बँक खात्याचा रकाना आहे. कारखाना चालविण्याची तयारी आहे काय, हे त्यात कोठेही विचारलेले नाही.