कोणाला बोलावतो हा सापळा?

मे सरत आला, वळीव बरसला आणि जमीन भिजली की प्रवरा-मुळेच्या पट्ट्यात हुमणीचे भुंगेरे वर येतात. दिवेलागणीला मातीतून निघतात, जवळच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात, पाला खातात, तिथेच त्यांच्या जोड्या लागतात आणि उजाडण्याआधी ते परत जमिनीत जातात. मग मादी अंडी घालते. पावसाळ्यात अळ्या मुळे कुरतडतात आणि सप्टेंबरच्या सुमारास उसाचे पिवळे पडलेले बेट नुसते ओढले तरी हातात येते.

हुमणीची पिढी वर्षातून एकच. बहुतेक काळ ती फवाऱ्याच्या आवाक्याबाहेर, मातीत असते. अहिल्यानगरसारख्या साखरपट्ट्यात लागणीमागून खोडवा राहतो, रान नांगरले जात नाही, म्हणून तिला निवांत जागाही मिळते. तिच्या वर्षातल्या त्या थोड्या संध्याकाळीच माणसाच्या हाती काही असते.

भुंगेऱ्याला प्रकाश ओढतो, त्यातही अतिनील प्रकाश जास्त. बांधावर दिवा आणि त्याखाली रॉकेल मिसळलेले पाणी, एवढा साधा हा सापळा. त्याची खरी ताकद अशी की त्यात नरांबरोबर माद्याही येतात, आणि अंडी घालण्याआधी सापडलेली मादी म्हणजे तिची सगळी पिल्लावळ थांबली. पण दिवा अंधार पडल्यावर दोन-तीन तासच लावावा. रात्रभर जळणारा दिवा मित्रकीटकांनाही मारतो, आणि हे नुकसान कुणी मोजत नाही. त्याच वेळी झाडे हलवून खाली पडलेले भुंगेरे गोळा करावेत, तेही गावाने मिळून. कारण शेजारच्या बांधावरचा निंब तसाच राहिला, तर आपण केलेली मेहनत निम्मी वाया जाते.

वासाचाही मार्ग आहे. हुमणीच्याच कुळातल्या, राजस्थानात भुईमुगाची मुळे खाणाऱ्या एका जातीची मादी अ‍ॅनिसोल नावाचा साधा, उडून जाणारा पदार्थ सोडते, हे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तो झाडावर टांगला की भुंगेरे त्या झाडाकडे वळतात.

कीटकांची ही गंधभाषा पहिल्यांदा उलगडली १९५९ मध्ये, जर्मनीत. अडॉल्फ बुटेनांट यांनी रेशीमपतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांमधून काही मिलिग्रॅम गंधद्रव्य वेगळे केले. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचे गंधद्रव्य, गॉसिप्ल्युअर, १९७३ मध्ये ओळखले गेले. त्यात एकाच रेणूची दोन रूपे साधारण निम्मी-निम्मी असतात. शेवगाव, पाथर्डी, नेवाशाच्या कपाशीत टांगलेल्या कामगंध सापळ्याच्या गोळीत हेच असते.

येथे मात्र हिशेब उलटा आहे. गोळीच्या वासाला फक्त नर येतात. एक नर अनेक माद्यांशी मिलन करतो, म्हणून थोडे नर उरले तरी अळ्या होतातच. हेक्टरी पाच सापळ्यांनी कीड संपेल, या आशेवर कुणी राहू नये. ते सापळे मोजण्यासाठी असतात. अळी बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही. पतंग उडतात मध्यरात्रीनंतर, तेव्हा शेतात कुणी नसते. सकाळी सापळ्यात सापडलेले नर हाच काय तो पुरावा. सलग तीन दिवस सापळ्यामागे रोज सरासरी आठ पतंग सापडले की उपाय करायची वेळ आली, हा कृषी विभागाचा निकष. त्यासाठी रोज सापळ्याशी जाऊन आकडा वहीत लिहावा लागतो. सापळा लावून पाठ फिरवणे म्हणजे पैसे मातीत घालणे.

रंगाचे गणित याहून सोपे. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या चिकट कार्डावर उतरतात, कारण कोवळ्या पानावरून परतणारा हिरवट-पिवळा प्रकाश त्या कार्डावरून पानापेक्षाही जोरकस परततो. कांद्यावरचे फुलकिडे निळ्याकडेही जातात. कार्ड पिकाच्या शेंड्याच्या उंचीला हवे, आणि धुळीने चिकटपणा गेला की ते बदलावे.

हंगामाच्या शेवटी गुलाबी बोंडअळी सरकीत सुप्तावस्थेत जाते. तिला वासाने बोलावता येत नाही, दिव्यानेही नाही. त्या वेळी चार पैशांच्या कापसासाठी हंगामानंतरही उभी ठेवलेली कपाशी, म्हणजे फरदड, तिला पुढच्या वर्षापर्यंत पोसते. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून शेत मोकळे करणे हाच तिथे उपाय.