खंडेराव मार्केट: इथे सगळं जिवंत मिळतं!

पुढे फायली, मागे फुलं! वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटची ही शान. दर्शनी इमारतीत महापालिकेचं ऑफिस आणि पाठीमागे भाजी-फळं-फुलांचा गजबजलेला बाजार. पण माहीत आहे का, तुम्ही पिशवीत टाकता ती ताजी भाजी त्या क्षणीही जिवंत असते? वेलीवरून तुटली, टेम्पोतून आली, तागडीत चढली, तरी तिचा श्वास चालूच!

आधी वास्तूला सलाम. बांधणी १९०६ ची. सयाजीराव गायकवाड तिसरे यांच्या कारभाराला २५ वर्षं होत आली होती, त्या निमित्तानं त्यांनी ही देखणी इमारत नगरपालिकेला दिली. नाव मात्र खंडेरावांचं. खंडेराव महाराज १८७० साली गेले आणि १८७५ मध्ये त्यांच्या पत्नी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ दत्तक घेतला. तोच पुढे सयाजीराव झाला. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या राजानं दत्तक वडिलांच्या नावानं उभारलेलं मार्केट, आणि तिथे आजही शेतातला माल विकला जातोय. योग जुळावा तर असा!

आता शाळेतली यादी आठवा. सजीव कशाला म्हणायचं? पेशी हव्यात, पोषण हवं, श्वसन, हालचाल, संवेदना, वाढ, उत्सर्जन, प्रजनन हवं. शिवाय शरीराची आतली घडी सांभाळता यायला हवी. दह्यातल्या जिवाणूपासून समुद्रातल्या देवमाशापर्यंत सगळ्यांची हीच कुंडली. चला, टोपली-टोपली जुळवून बघू!

पहिला नंबर हिरव्या वाटाण्याचा. माहीत आहे का, भाज्यांमध्ये हा गडी चक्क धापा टाकतो? तोडल्यावर सर्वात वेगानं श्वास घेणाऱ्या भाज्यांत वाटाणा, मशरूम आणि ब्रोकोली टॉपला. श्वसन म्हटलं की साखर जळणार आणि उष्णता बाहेर पडणार. म्हणूनच वाटाण्याचं पोतं गच्च भरून ठेवलं तर ते आतून गरम होतं. वर त्याची गोडीही घटते, कारण उरलेल्या साखरेचं दाण्याच्या आत भराभर स्टार्च बनत असतं. सकाळी तोडलेला वाटाणा त्याच दिवशी खाल्ला तर मिठाई, दोन दिवसांनी नुसता वाटाणा. थंडीत उंधियूचा बेत असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा. उलट कांदा आणि बटाटा म्हणजे निवांत मंडळी. त्यांचा श्वास इतका संथ की महिनोन् महिने टिकतात.

केळ्यांच्या फणीजवळ या. इथे चॅटिंग चालू आहे, वायरलेस! पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं. शेजारच्या कच्च्या केळ्याला तो कळतो, मग तेही पिकायला लागतं आणि स्वतः इथिलीन सोडायला लागतं. आंबा, पपई, चिकू, टोमॅटो, सगळे याच ग्रुपचे मेंबर. आंब्याच्या अढीचं सगळं शास्त्र हेच. द्राक्ष आणि लिंबू मात्र या ग्रुपमध्ये नाहीत. आंबट द्राक्षं घरी आणून कितीही थांबा, आंबटच राहणार. विकत घेताना चाखून घ्या!

हालचाल? भाजीला कुठे पाय आहेत, असं म्हणाल. फुलांच्या ओळीत चला. ग्लॅडिओलसचे लांब दांडे बादलीत उभे का ठेवतात, माहीत आहे का? आडवे ठेवले तर काही तासांतच त्यांचे शेंडे आकाशाकडे वळतात. गुरुत्वाकर्षण कुठल्या बाजूला आहे ते तुटलेल्या दांड्यालाही कळतं. वाकडा दांडा मग गुच्छात बसत नाही. मोगऱ्याची मिटलेली कळी तर टोपलीतच, संध्याकाळ झाली की आपली आपण उमलते. विकत घेतली कळी, घरी पोचलं फूल. यात फसवणूक नाही, बोनस आहे!

माझा सर्वात लाडका फॅक्ट आता येतोय. कोबीच्या गड्ड्यात घड्याळ असतं. २०१३ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी दुकानातून आणलेल्या कोबीला आळीपाळीनं उजेड आणि अंधार दिला. तोडलेल्या, कापलेल्या कोबीनंही दिवस-रात्रीचा ताल पकडला! दिवसा त्यातली कीड रोखणारी रसायनं वाढायची, रात्री उतरायची. कोबी खाणाऱ्या अळ्यांचं घड्याळ आणि कोबीचं घड्याळ जुळलेलं असलं, की अळ्यांना खायला कमी मिळायचं. पालक, गाजर, रताळं यांनीही असाच ताल धरला. पुढच्या वेळी फ्रिजच्या अंधारात कोबी ढकलताना त्या बिचाऱ्याची रात्र संपतच नाही, एवढं मनात येऊ द्या.

आता कांदा. रडायची तयारी ठेवा, पण अभिमानानं! माहीत आहे का, कांद्याच्या एका पेशीत माणसापेक्षा सुमारे पाचपट डीएनए असतो? आपला जीनोम ३ अब्ज अक्षरांचा, कांद्याचा जवळपास १६ अब्जांचा. एवढा डीएनए घेऊन कांदा करतो काय? त्यातला मोठा भाग पुन्हापुन्हा आलेल्या त्याच त्या तुकड्यांचा आहे, म्हणून डीएनए जास्त म्हणजे जीव जास्त गुंतागुंतीचा, हे गणितच बाद. कांदा चिरला की फुटलेल्या पेशींतली रसायनं एकत्र येतात आणि डोळ्यांत पाणी आणणारा वायू तयार होतो. त्यामागचं विकर शोधणाऱ्या जपानी संशोधकांना २०१३ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. कांद्यानं हसवलं हो!

पेशीची पहिली ओळखही झाडातूनच झाली. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं बुचाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याला दिसल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. कांद्याचा पापुद्रा धरला असता तर जिवंत पेशी दिसल्या असत्या!

अळूची पानं घेताय? मराठी घरात अळूवडी, शेजारच्या गुजराती घरात पात्रा, आणि दोन्हीकडे तीच धास्ती: घसा खवखवला तर? त्याला कारण कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. झाडाला बाथरूम नाही, नको असलेले पदार्थ ते पानांत, सालीत, डिंकात साठवतं, आणि या सुया तर खायला येणाऱ्यांना दूर ठेवायच्याही कामी येतात. म्हणूनच चिंच आणि आमसूल यांना अळूवडीत मानाचं पान.

कमळ दिसलं का? पूजेसाठी घ्याच, पण आधी नमस्कार त्याच्या थर्मोस्टॅटला. फुलताना कमळ स्वतःच्या अंगची उष्णता तयार करतं आणि बाहेर १० अंश असो की ३०, आतलं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतं. जवळजवळ आपल्यासारखंच! परागीकरणाला येणाऱ्या भुंगेऱ्यांना अशी उबदार खोली फुकट. टोपलीतल्या सुरणाचंही तेच. त्याचं फूल तापतं आणि सडलेल्या मांसासारखा वास सोडतं, माश्या-भुंगेरे धावत येतात. सुरणाचं फूल मार्केटमध्ये दिसत नाही, हे आपलं नशीब.

उष्णतेवरून आठवलं. याच शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्रीत मगरी राहतात, पुरात त्या वस्तीतही शिरतात. मगरीला अंगची उष्णता तयार करून राखता येत नाही, म्हणून ती काठावर ऊन खात पडते. पिल्लू नर होणार की मादी, हे गुणसूत्रं नव्हे, तर अंडं ज्या वाळूत पुरलंय तिचं तापमान ठरवतं. बोला!

वाढीचा विक्रम हवाय? लाल भोपळा! २०२३ साली अमेरिकेत तब्बल १,२४७ किलोच्या भोपळ्यानं तेव्हाचा विश्वविक्रम केला. गोष्टीतल्या म्हातारीला यात बसून टुणुक टुणुक जायला क्रेन लागली असती. पण वाढतं ते सगळं जिवंत नसतं. खडीसाखरही दोऱ्यावर वाढते. फरक एवढाच की ती बाहेरून थर चढवते, भोपळा आतून पेशी वाढवतो.

आणि प्रजनन? इथे केळ्याची गंमत. बाजारातल्या केळ्यात रुजणारं बी नसतंच. नवं झाड येतं ते बुंध्याच्या फुटव्यातून, म्हणजे हुबेहूब झेरॉक्स. जगभर विकली जाणारी कॅव्हेंडिश केळी अशीच एकमेकींची कॉपी. म्हणून एक रोग एका झाडाला भारी पडला, की तो सगळ्यांनाच भारी पडतो. खेचराला तर सहसा पिल्लंच होत नाहीत, तरी त्याला निर्जीव म्हणायची हिंमत करून बघा. लाथ बसेल!

खजुराच्या दुकानाशी दोन मिनिटं थांबा. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेली सुमारे २,००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये रुजवली गेली आणि चक्क उगवली! झाडाचं नाव ठेवलं मेथुसेलाह. इतकी शतकं ती बी जवळजवळ काहीच करत नव्हती. तरी मेली नव्हती, फक्त थांबली होती.

मग जिवंत आणि निर्जीव यांच्या मधोमध कोण? वडोदऱ्याजवळच्या चरोतर भागात तंबाखूची शेती मोठी, आणि उत्तर तंबाखूच्याच पानावर आहे. विषाणूंमधला पहिला ओळखला गेलेला तो तंबाखूच्या पानांवर चट्टे पाडणारा. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅनलीनं त्याचे स्फटिक बनवले, मिठासारखे बाटलीत भरता येतील असे. ते पानाला लावले की पुन्हा रोग हजर! स्वतःची पेशी नाही, श्वास नाही, पोषण नाही; पिल्लावळ वाढते ती दुसऱ्याच्या पेशीत घुसून. शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे. हाच विषाणू टोमॅटो-मिरचीलाही धरतो, पण माणसाला रोग देत नाही. बिनधास्त घ्या पावशेर.

शेवटी बटाटा, कारण तो सगळ्या पिशव्यांत असतोच. तो मूळ नाही, खोड आहे. त्याचे डोळे म्हणजे कळ्या. उजेड लागला की तो ओळखतो, हिरवा होतो, आणि त्याच वेळी त्यात सोलॅनिन हे विष वाढायला लागतं. म्हणून बटाटे अंधारात ठेवा, बारीक हिरवा डाग जाडसर कापून टाका, आणि फारच हिरवा, कडवट असेल तर खाऊच नका. नुसता कोंब फुटलाय? मग डोळ्यासकट तुकडा कापा आणि बाल्कनीतल्या कुंडीत लावा. साधारण तीन महिन्यांत आमटीपुरते बटाटे घरचे!