हिशेब धुराचा आणि पाण्याचा

ठाणे पूर्वेच्या कोपरीपासून खाडी फार दूर नाही. याच ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत तिची नोंद झाली. खाडीवर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तर वागळे इस्टेटपासून डोंबिवलीपर्यंत कारखानदारी पसरलेली आहे. या परिसरातील व्यापारी कुटुंबांपुढे आता एक नवा प्रश्न उभा आहे. नफ्या-तोट्याबरोबर धूर, पाणी आणि टाकाऊ माल यांचाही हिशेब ठेवायचा का?

मोठ्या कंपन्यांपुरते उत्तर सेबीने दिले आहे. २०२१ मध्ये आलेल्या ‘बीआरएसआर’ अहवालात वीज, पाणी, उत्सर्जन, कचरा आणि कामगारांची सुरक्षितता यांची आकडेवारी द्यावी लागते. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक आहे. छोट्या पेढीला तो लागू नाही. परंतु मोठा खरेदीदार आपल्या पुरवठादारांकडेही विचारणा करू लागला, की तीच प्रश्नावली छोट्या कारखानदाराच्या मेजावर येते.

प्रश्नावली भरणे कठीण नाही. ती खरी भरणे कठीण आहे. याचा धडा शेजारच्या गुजरातने दिला. तेथे अधिक प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना बाहेरच्या परीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागे. परीक्षक कारखान्यानेच निवडायचा, शुल्कही त्यानेच द्यायचे. परीक्षकांच्या अहवालांत धुराची मर्यादा ओलांडणारे कारखाने जेमतेम ७ टक्के दिसत. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. मग अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळासह एक प्रयोग केला. परीक्षकांची नेमणूक चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केली, शुल्क सामायिक निधीतून दिले आणि काही तपासण्या पुन्हा केल्या. अहवाल खरे येऊ लागले, आणि त्यापाठोपाठ कारखान्यांचे प्रदूषणही घटले. माणसे तीच होती; हिशेब तपासण्याची रीत बदलली होती.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये धुराड्यातील कणांच्या मोजमापावरून कारखान्यांना १ ते ५ तारे देण्यास आरंभ केला. ५ तारे म्हणजे उत्तम. इंडोनेशियाने १९९५ पासून हेच काम रंगांनी केले. तेथे सोनेरी रंग सर्वांत वरचा आणि काळा सर्वांत खालचा. दंडाची भीती जे करू शकत नाही, ते कधी कधी चार लोकांत होणारी शोभा करते. बाजारात पत जपणाऱ्या व्यापाऱ्यास हे वेगळे सांगावयास नको.

सुरतमध्ये २०१९ पासून याच्याही पुढचे पाऊल पडले. तेथील कापड गिरण्यांच्या धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसली, एकूण धुराला मर्यादा घातली गेली आणि ज्याचे उत्सर्जन कमी, त्याला उरलेले परवाने विकण्याची मुभा मिळाली. तेथील कणप्रदूषण २० ते ३० टक्के घटले. मोजमाप विश्वासार्ह झाल्याविना असा बाजार उभाच राहिला नसता.

मोजमाप लपविले, तरी परिणाम लपत नाही. २०२० मध्ये डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला, तेव्हा ते सांगण्यास कोणत्याही अहवालाची गरज उरली नाही.

छोट्या पेढीने आरंभ कोठून करावा? घरात आधीच असलेल्या कागदांपासून. विजेचे बिल, पाण्याच्या टँकरच्या पावत्या, डिझेलची खरेदी, भंगाराची विक्री. हे आकडे दरमहा एका पानावर उतरवून त्यांना उत्पादनाने भागावे. १,००० किलो मालास २,००० युनिट वीज लागली, म्हणजे किलोमागे २ युनिट. पुढील महिन्यात १,२०० किलोस २,२०० युनिट लागली, तर बिल वाढलेले दिसेल, पण किलोमागचा वापर १.८३ वर उतरलेला असेल. केवळ बिल पाहणाऱ्यास ही सुधारणा कळत नाही.

दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या घरांना हिशेबाचे मोल नव्याने शिकवावे लागत नाही. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिला जातो. लाभ कोणाच्या हवेतून आणि कोणाच्या पाण्यातून आला, हेही त्याच वहीत, तितक्याच खरेपणाने नोंदले जावे.