निफाडची थंडी आणि पृथ्वीची गोधडी

पाऊस नको म्हणून आभाळाकडे डोळे लावणारा शेतकरी पाहायचा असेल तर निफाड-दिंडोरीच्या बाजूला यावे. सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी होते. त्यानंतर बाग फुलोऱ्यात असताना पाऊस आला की घड कुजतात आणि डाऊनी पसरतो. माल उतरायला आला असताना आला तर मणी तडकतात. सोसायटीचे कर्ज, औषधाची उधारी, मजुरी, सारे त्या दोन-चार दिवसांवर टांगलेले असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली, तिने रब्बी आणि फळबागा झोडपल्या. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला निफाड तालुक्यावर पुन्हा गारा कोसळल्या.

अशा फटक्यानंतर पारावर हमखास एक प्रश्न निघतो. "गुरुजी, ते ग्लोबल वॉर्मिंग म्हणतात, ते हेच का हो?" विचारणारा कुठल्या चळवळीतला नसतो. त्याची बाग गेलेली असते एवढेच. पण एकदा प्रश्न पडला की तो माणूस स्वस्थ बसत नाही. रोजचा हवामानाचा अंदाज ऐकू लागतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर आज पारा किती उतरला हे विचारू लागतो, आणि हळूहळू कोळशापर्यंत येऊन पोचतो. त्याच्या वाटेने आपणही थोडे चालू या.

सुरुवात गावच्या थंडीपासूनच करू. निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रात प्रसिद्ध. पारा फार उतरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो. आता, थंडी केव्हा कडक पडते? आभाळ निरभ्र असते तेव्हा. संध्याकाळी ढग आले की म्हातारी माणसे म्हणतात, "आज काही गार पडायचं नाही." बरोबर आहे त्यांचे. दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडते. ही उष्णता डोळ्यांना दिसत नाही, पण तापलेल्या भिंतीजवळून जाताना अंगाला लागते, तीच ही. आभाळ मोकळे असले की ती बरीचशी निघून जाते. ढग असले की ते तिला अडवतात आणि काही भाग खाली परत धाडतात. जणू शिवारावर गोधडी पांघरली.

ढगांचे हे काम काही वायूही करतात, आणि ते दिसत नाहीत. हवेतली वाफ हा एक. दुसरा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे जुना कर्बवायू. हे कळायला फार मोठी यंत्रे लागली नाहीत. १८५६ साली अमेरिकेत युनिस फूट नावाच्या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत निरनिराळे वायू भरले, आत थर्मामीटर ठेवले आणि ती उन्हात मांडली. कर्बवायूचे नळकांडे साध्या हवेच्या नळकांड्यापेक्षा जास्त तापले आणि निवायलाही जास्त वेळ लागला. पुढे १८५९ मध्ये जॉन टिंडाल यांनी प्रयोगशाळेत दाखवले की हे वायू अशी अदृश्य उष्णता शोषून घेतात.

ही गोधडी मुळात वाईट नाही, बरं का. ती नसती तर पृथ्वी गोठून गेली असती. चिंता आहे ती तिची जाडी वाढण्याची. कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा, डिझेल, पेट्रोल जाळून आपण हे करतो. एकलहऱ्याच्या केंद्रानेही १९७० च्या दशकापासून कोळसा जाळूनच वीज दिली, आणि त्याच विजेवर विहिरीवरच्या मोटारी चालल्या. मात्र आजवर हवेत गेलेल्या वायूंत मोठा वाटा अमेरिका आणि युरोपचा आहे. निफाडच्या बागाईतदाराला "हे मी केलं का?" असे वाटले तर त्यात वावगे काही नाही.

या वाढीचा परिणाम मोजलेला आहे. २०२४ हे साल जगात मोजणी सुरू झाल्यापासून सर्वांत उष्ण ठरले. भारतातही १९०१ पासूनच्या नोंदींत तेच सर्वांत उष्ण. आता पावसाकडे येऊ. हवा एक अंश तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून ती जमिनीतली ओल लवकर ओढते, आणि बरसते तेव्हा एकदम ओतते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे त्यात दिसले.

मग पारावरच्या प्रश्नाला हो म्हणावे काय? एका गारपिटीवर बोट ठेवून "ही तापमानवाढीचीच" असे म्हणू नये. गारा पूर्वीही पडत. आजची हवा ही एक गोष्ट, आणि हवामान ही निराळी. तीस-तीस वर्षांची सरासरी काढून हवामान ठरवतात. आठवणीवर हा हिशेब होत नाही, कारण आठवणीत वाईट वर्षे तेवढी मोठी होऊन बसतात. त्याला नोंद लागते, आणि ती जवळची लागते. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवल्या-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. फळपीक विमा महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राच्या आकड्यावर ठरतो. केंद्रावर कोरडे आणि बागेत पाऊस, हे तर नेहमीचे. गावच्या वहीने विमा मिळणार नाही, हे खरे. पण फरक किती पडतो, हे चार लोकांत आकड्याने सांगता येईल.

हे काम शाळेला सहज जमेल. सरळ भिंतींचा एक डबा मोकळ्या जागी, झाडा-छपरापासून दूर, पक्का बसवावा. रोज सकाळी साडेआठला साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी आणि डबा रिकामा करावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजेच एका एकरावर चार हजार लिटरांहून थोडे जास्त. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण कुठले? छाटणी कधी झाली, मोहोर कधी आला, गारा पडल्या का, हेही शेजारच्या रकान्यात लिहावे. सुट्टीत वही एखाद्या शेतकऱ्याच्या घरी ठेवावी. आणि ज्या दिवशी कोणी डबा पाहिलाच नाही, त्या दिवशी शून्य लिहू नये. "पाहिले नाही" असेच लिहावे.