पाच मायक्रॉनचा काप

म्हशीखाली पारडू सोडलं की ते कासेला दोन-चार ढुशा देतं, सड चोखतं आणि थोड्या वेळाने कास ताठ होते. म्हैस पान्हावली, म्हणून पारडू बाजूला बांधायचं आणि बादली घेऊन बसायचं. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात कुठल्याही गोठ्यात पहाटे हे दिसेल. पण दूध तर मघापासून कासेतच होतं. मग पारडू सोडण्याआधी ओढलेला सड कोरडा का होता, आणि थोड्याच वेळात त्याच सडातून धार कशी लागली?

याचं उत्तर कासेच्या आत आहे. ते बघायचं तर कासेचा तुकडा पाच मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरच्या २०० व्या हिश्श्याएवढा पातळ कापावा लागतो, रंगवावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. जनावरांचे डॉक्टर व्हायला निघालेली मुलं अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच हे शिकतात. विषयाचं नाव हिस्टॉलॉजी, मराठीत ऊतिशास्त्र. रावेरच्या मुलामुलींना त्यासाठी गाव सोडून लांब जावं लागतं: नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, नाहीतर थेट मुंबई. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे, नागपूरचं १९५८ पासून. ही महाविद्यालयं आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात.

तर कासेची स्लाइड. भिंगाखाली पहिल्यांदा नजरेत भरतात त्या शेकडो गोल, लांबट, वाकड्यातिकड्या पोकळ्या, एकमेकींना खेटून असलेल्या. दूध तयार होतं ते इथे. प्रत्येक पोकळीची भिंत फक्त एका पेशीच्या जाडीची. बाहेरच्या अंगाने बारीक रक्तवाहिन्या वाहतात, आतल्या अंगाला दूध साठतं, आणि रक्ताचं दूध होतं ते मधल्या त्या एका पेशीत. एक लिटर दुधासाठी कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. पेशी दुधातली साखर आणि प्रथिनं आत बनवते. स्निग्धाचा थेंब मात्र ती फार विलक्षण रीतीने बाहेर सोडते. थेंब पेशीच्या कडेला येतो, कड फुगते, आणि थेंब सुटून निघताना पेशीच्या स्वतःच्याच आवरणाचा तुकडा अंगाभोवती गुंडाळून घेतो. आपण दुधावरची साय काढतो तेव्हा तिच्यातल्या प्रत्येक सूक्ष्म थेंबावर त्या म्हशीच्या पेशींचं आवरण असतं. हे समजल्यापासून सायीकडे मला पूर्वीसारखं बघता आलेलं नाही.

पान्ह्याचं गुपित मात्र या भिंतीच्या बाहेर आहे. प्रत्येक पोकळीला बाहेरून चपट्या, फांद्या फुटलेल्या पेशींनी जाळीसारखं वेढलेलं असतं. या पेशी स्नायूंसारख्या आकसतात. त्या आकसल्या की पोकळी पिळली जाते आणि दूध नळ्यांमध्ये, तिथून सडात उतरतं. आश्चर्य हे, की त्यांना आकसायला सांगणारी मज्जातंतूची तार त्यांच्यापर्यंत येतच नाही. पारडाने सड चोखला की संदेश मेंदूला जातो, मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते, ते हृदयातून फिरून कासेत पोहोचतं, आणि मग त्या पेशी आकसतात. या सगळ्या फेरीला वेळ लागतो. गाईच्या कासेतलं सुमारे २० टक्के दूध आधीच खालच्या मोठ्या पोकळीत उतरलेलं असतं, त्यामुळे तिची पहिली धार लगेच येते. म्हशीचं जेमतेम ५ टक्के. बाकी सगळं वर, त्या बारीक पोकळ्यांत. म्हणून पान्हा येईपर्यंत म्हशीचा सड कोरडा.

अनोळखी माणूस गोठ्यात आला, कुत्रं भुंकलं, कुणी काठी उगारली, की म्हैस दूध चोरते असं आपण म्हणतो. ती बिचारी काही चोरत नाही. भीतीने रक्तात ॲड्रेनलिन उतरतं, कासेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि ऑक्सिटोसिनचा परिणाम अडतो. त्यावर तोडगा म्हणून डॉक्टरांना न विचारता ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचत राहणं मला अन्याय वाटतो. जनावराला त्याची सवय लागते आणि आपसूक येणारा पान्हा मागे पडतो.

सडाच्या टोकाचा आडवा काप तर प्रत्येक दूधवाल्याला दाखवावा असा असतो. मधोमध एक अरुंद वाट, तिला आतून केराटिनचा थर, म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे बनतात तेच द्रव्य, आणि भोवती स्नायूंचं कडं. धार काढून झाल्यावर ही वाट पुरती मिटायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्यात गाय शेणामुतात बसली तर जंतूंना आत शिरायला दार उघडंच. धारेनंतर गव्हाणीत चारा टाका, गाय उभी राहू द्या, असं डॉक्टर सांगतात ते यासाठी. म्हशीच्या सडातलं स्नायूंचं कडं आणि केराटिनचा थर दोन्ही गाईपेक्षा जाड. त्यामुळे तिची धार जड, पण कासदाह गाईच्या मानाने कमी.

हा काप तयार कसा होतो, तेही बघण्यासारखं आहे. जनावर मेलं की त्याच्या पेशींतली पाचकद्रव्यं पेशींनाच विरघळवू लागतात. आतड्याचं अस्तर सगळ्यात आधी जातं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर फार लवकर. म्हणून कत्तलखान्यातून किंवा शवविच्छेदनातून घेतलेला तुकडा तातडीने १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. तुकडाही लहान हवा, कारण फॉर्मॅलिन आत झिरपायला वेळ घेतं. मग चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून नेऊन त्यातलं पाणी काढायचं, झायलीनमध्ये ठेवायचं, आणि ६० अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवायचं. मेण घट्ट झालं की वडी मायक्रोटोम या काप काढायच्या यंत्रावर चढवतात. चाक फिरवलं की पात्यावरून एकाला एक चिकटलेल्या कापांची नाजूक फीत बाहेर येते. ती कोमट पाण्यावर तरंगवली की सुरकुत्या जातात. खालून काच सरकवून काप अलगद उचलायचा. एवढ्याने काहीच दिसत नाही, कारण काप जवळपास पारदर्शक असतो. दिसतं ते रंगांमुळे. केंद्रकाला जांभळा-निळा रंग देणारं हिमॅटॉक्सिलिन मेक्सिकोच्या काम्पेचे भागातल्या एका झाडाच्या गाभ्यातून येतं, आणि उरलेल्या पेशीला गुलाबी करणारं इओसिन रसायनशाळेत बनतं. ही जोडी एकोणिसाव्या शतकापासून जगभर वापरात आहे. वर डीपीएक्स या चिकट द्रव्याचा थेंब, पातळ काचेची कव्हरस्लिप, आणि स्लाइड तयार. विद्यार्थ्यांच्या जर्नलमध्येही मग गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलीच सगळ्यात आधी झिजतात.

अवघड भाग त्यानंतर येतो. जो तुकडा जिवंतपणी लांब-रुंद-खोल होता, त्याचा आता एक सपाट काप उरला आहे. केळं आडवं कापलं तर चकती मिळते, उभं कापलं तर लांब पट्टी, तिरकं कापलं तर लंबगोल, केळं एकच. रक्तवाहिनीचं, घामाच्या नळीचं, मूत्रपिंडातल्या नलिकांचं तसंच. एकाच स्लाइडवर दहा वेगवेगळे आकार दिसतात आणि ती सगळी एकाच वळणावळणाच्या नळीची तोंडं असतात. ते मनात पुन्हा उभं करता येणं, म्हणजे हा विषय येणं.

परीक्षेत नावाची चिठ्ठी नसलेल्या स्लाइड मांडतात आणि त्या ओळखायच्या असतात. यकृताचे खण जाड सीमांनी आखल्यासारखे दिसले तर ते डुकराचं. गाय, म्हैस, शेळी यांच्या यकृतात त्या सीमा पुसट असतात. रक्ताच्या लाल पेशींत केंद्रक दिसलं तर कोंबडी. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे कप्पे, म्हणजे कोटीपोट, जाळीपोट आणि पडदेपोट, ओळखताना भलेभले अडखळतात. तिन्हींचं अस्तर वरवर सारखंच, ग्रंथी एकातही नाहीत. पडदेपोटाच्या पडद्यात मात्र बाहेरच्या भिंतीचा स्नायू आत चढून आलेला असतो. तो दिसला की सुटलो.

रात्री लाइटीची पाळी आली म्हणून केळीला पाणी द्यायला गेलेल्या माणसाने बॅटरी फिरवली की बांधलेल्या बैलांचे डोळे हिरवट-निळे चमकतात. डोळ्याच्या कापात त्याचंही कारण सापडतं. दृष्टिपटलाच्या मागे तंतूंचा एक शिस्तीत रचलेला थर असतो, आलेला उजेड तो परत पुढे फेकतो, आणि अंधुक प्रकाश दृष्टिपटलाला दुसऱ्यांदा वापरायला मिळतो. गाय, म्हैस, शेळी, घोडा यांच्यात हा थर तंतूंचा, कुत्र्यामांजरांत पेशींचा. डुकरात तो नसतोच, माणसातही नाही.

आमच्या भागाला मात्र सगळ्यात जवळची स्लाइड कातडीची. उन्हाळ्यात जळगाव जिल्ह्याचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि त्या उन्हात कोणतं जनावर कसं तगेल हे बऱ्याच अंशी या दोन-चार मिलिमीटर जाडीच्या थरात ठरतं. गाईच्या कातडीत प्रत्येक केसाच्या मुळाशी एक घामाची ग्रंथी, एक तेलाची ग्रंथी आणि केस उभा करणारा एक इवलासा स्नायू असतो. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या निमाडीसारख्या देशी गुरांत ही घामाची ग्रंथी मोठी, पिशवीसारखी फुगीर आणि पृष्ठभागाला जवळ असते. होल्स्टीन, जर्सीसारख्या विलायती जातींत ती अरुंद आणि वळलेली. संकरित गाय दुपारी धापा टाकत असताना शेजारचा देशी बैल शांतपणे रवंथ करत बसतो, त्याचं एक कारण हे. म्हशीच्या कातडीत तर केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने कितीतरी कमी. वरचा थर जाड आणि काळ्या रंगद्रव्याने भरलेला, तेलाच्या ग्रंथी मात्र भरपूर. घामाने अंग गार होत नाही म्हणून ती पाण्यात उतरते, आणि तेलकट अंगामुळे तासन्‌तास पाण्यात राहूनही कातडी बिघडत नाही. डुंबणं ही तिची हौस आहे असं कुणाला वाटत असेल तर त्याने ही स्लाइड बघावी.

याच कातडीवर २०२२ मध्ये संकट आलं. त्या वर्षीच्या साथीत, गुरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या लंपी चर्मरोगाचं महाराष्ट्रातलं पहिलं जनावर ४ ऑगस्टला रावेर तालुक्यातल्या चिनावलला आढळलं. तिथून रोग राज्यभर गेला, गुरांचे बाजार बंद पडले. रोग १९२९ मध्ये आफ्रिकेत झांबियात पहिल्यांदा नोंदला गेला, भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. त्याचा विषाणू शेळ्या-मेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा सख्खा भाऊ, म्हणून त्या वर्षी गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली गेली. माणसाला हा रोग होत नाही.

गाय अंगावरची माशी उडवायला जागच्या जागी कातडी थरथरवते. कातडीखाली त्यासाठीच एक पातळ स्नायू पसरलेला असतो. पण मान, डोकं, पाय इथे चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड त्याला दाद देत नाहीत, आणि विषाणू मुख्यतः त्यांच्यातून पसरतो. शरीरात शिरलेला विषाणू रक्तातून कातडीत येतो आणि वरच्या थरातल्या पेशींबरोबरच बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही शिरतो. रोगट कातडीच्या कापात हे सगळं मांडलेलं दिसतं. वाहिन्यांच्या भिंती सुजलेल्या, भोवती पांढऱ्या पेशींची गर्दी, काही वाहिन्यांत रक्त गोठून वाट बंद. वरच्या थरातल्या पेशी पाणी भरून फुगलेल्या. त्यांतल्या काहींत केंद्रकाच्या शेजारी, पेशीद्रवात, एक गुलाबी गोळा. विषाणू स्वतः साधारण ३०० नॅनोमीटरचा, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एकटा ओळखू येणार नाही इतका लहान. आपण बघतो तो गोळा म्हणजे विषाणू जिथे नव्याने घडवले जातात ती जागा. देवीच्या कुळातले विषाणू हे काम केंद्रकात न शिरता बाहेरच उरकतात, म्हणून गोळाही केंद्रकाबाहेरच सापडतो. साथीत निदान पीसीआर चाचणीने होतं, ते वेगाने होतं आणि तसंच व्हायला हवं. पण गाठ अशीच का होते, हे पीसीआर सांगत नाही.

रक्ताची वाट बंद झाली की त्या वाहिनीवर जगणारा कातडीचा भाग वरपासून खालपर्यंत मरतो. म्हणून लंपीची गाठ फोडासारखी वरवरची नसते, बोटाने दाबली तर खोलवर घट्ट लागते. पुढे मेलेला भाग कडेने सुटतो, वाळून कडक होतो, आणि कित्येक दिवस तसाच बसून राहून अखेर निघून पडतो. खाली खोल जखम उरते. तिच्यात अळ्या पडू नयेत म्हणून रोज धुणं, औषध लावणं, माश्या बसू न देणं हे आलंच.

जखम भरते ती खालून वर. नवा थर येतो, पण तो एकाच दिशेने धावणाऱ्या तंतूंचा असतो. केसाचं मूळ, त्याच्या बाजूची तेलाची ग्रंथी, घामाची पिशवी, तो इवलासा स्नायू, यांतलं काहीच त्यात परत येत नाही, कारण ते ज्या खोलीवर होतं तो थरच निघून गेलेला असतो. त्या वर्षी वाचलेल्या गुरांच्या मानेवर आणि पाठीवर म्हणूनच नाण्याएवढे बिनकेसांचे वण राहतात. कातडी कमावणारे ते बघून भाव पाडतात. भिंगाखाली असा वण ओळखायला फार वेळ लागत नाही: निरोगी कातडीत केसांची मुळं रांगेने दिसत जातात, आणि एका जागी ती रांग तुटते.